पाठीमागचे सुरय

गेवराईत सुग्रीवचा डावा खांदा हा बरेच दिवस चहाच्या टपरीवरचा विषय होता. माणूस चालायला लागला की डावा हात बाहीत नुसता लोंबायचा, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. कुणी म्हणायचं, मोटारसायकलवरून पडला. कुणी म्हणायचं, शिवकन्याबाईंनी लाटणं हाणलं. बाईंचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे हे दुसरं कारण पुष्कळांना पटायचं.

बसस्टँडच्या मागं त्याचा 'शिवकन्या फोटो स्टुडिओ'. दुकानाला बायकोचं नाव दिलं म्हणून लोक त्याला रसिक समजत. खरी गोष्ट अशी की जागा सासऱ्याची होती. त्या जागेत सुग्रीवचं अर्धं आयुष्य "मान जरा वर, थोडं हसा" म्हणण्यात गेलं. नवरदेवांचा घाम, आत्यांचे रुसवे, आणि शेवटी लहानथोर सगळ्यांचं एकच मागणं: जरा गोरं करा. मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून नवरी टिपता येईल म्हणून त्यानं लांब टेलिफोटो लेन्स घेतली. मांडवात तिचा उपयोग एकदाच झाला. पंगतीच्या पार मागं कुणाचा मेहुणा कुणाच्या मेहुणीला जिलबी भरवत होता, ते त्यात सुईसारखं स्पष्ट आलं आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. त्यानंतर सुग्रीव ती लेन्स घेऊन गंगेवर जायला लागला. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. पाखरं गोरं करा म्हणत नाहीत, एवढंच त्याचं पक्षीप्रेम सुरुवातीला होतं.

लेन्स जड. नीट माणूस ती तीन पायांच्या स्टँडवर ठेवतो. सुग्रीवनंही एकदा उमापूरकडच्या एका बांधावर स्टँड उभं केलं होतं, झुडपातल्या खाटकाचा फोटो काढायला. खाटीक हे पाखराचं नाव, उगाच घाबरू नये. डोळा लावून बघतोय तोवर मागं अर्धं गाव गोळा झालं. स्टँड दिसलं म्हणजे मोजणी आली, मोजणी आली म्हणजे रस्ता येणार. एकजण सातबारा घेऊन पळत आला, दुसऱ्यानं विहीर आधीपासूनची आहे असं शपथेवर सांगितलं, आणि दोन भावांनी हद्द कुठून धरायची यावरून तिथंच एकमेकांच्या गचांड्या धरल्या. खाटीक केव्हाच उडून गेला. गाव शांत करून सुग्रीवनं स्टँड घरी नेलं, आणि शिवकन्याबाईंनी त्यावर कपडे वाळत घातले. तेव्हापासून लेन्स हातात. डावा पंजा खाली, कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास धरायचा. अशी वर्षं काढल्यावर खांद्यानं काय करावं?

बीडच्या डॉक्टरांनी खांदा आखडलाय असं सांगितलं. आता हे वजन उचलायचं नाही, उचललं तर हात वर जाणं कायमचं बंद. दुसऱ्या कुणी लेन्स विकायला काढली असती. सुग्रीवनं त्यातून एवढंच ऐकलं की एक उन्हाळा शिल्लक आहे.

आणि त्याला एकच फोटो हवा होता. उन्हाळ्यात गंगेचे डोह तेवढे उरतात, मधे वाळूचं बेट उघडं पडतं. त्या बेटावर सुरय अंडी घालतात. अंगानं राखी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. बाप मासा घेऊन येतो आणि पिल्लाच्या चोचीत ठेवतो, तेवढा क्षण सुग्रीवला पाहिजे होता. एका वर्षी कुत्र्यांनी अंडी खाल्ली, एका वर्षी धरणाचं पाणी सुटलं, गेल्या वर्षी वाळूचे ट्रॅक्टर बेटावरून फिरले. यंदा मात्र पिल्लं निघाली होती.

काठाला वच्छलाबाईंची टरबुजाची वाडी. म्हातारी रात्रंदिवस तिथंच खोपीत. सुग्रीव पहाटे येऊन तिच्या कुडाआड बसायचा, आणि ती त्याला टरबुजाची फोड आणि गावातल्या सुनांची खबरबात दोन्ही द्यायची.

त्या सकाळी ऊन लवकरच चढलं होतं. मादी पोट भिजवून आली आणि पिल्लांना गारवा म्हणून त्यांच्यावर ओली बसली. सुग्रीवनं लेन्स उचलली. वर डोहावर नर घिरट्या घालत होता. आता सूर मारणार, तेवढ्यात उताराकडून धडधड आली. दोन ट्रॅक्टर, तोंड सरळ बेटाकडे. काय आलं ते बघायला सुग्रीव कुडाबाहेर आला आणि लेन्स तिकडे वळवली. वळवली मात्र, पुढचा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, मागचा त्याच्यावर आदळता आदळता राहिला, आणि दोन्ही उलटे फिरून काठावर जाऊन उभे राहिले.

पुढच्या ट्रॅक्टरवरून अभिमन्यू उतरला. ट्रॅक्टर त्याचेच. ह्याच्या लग्नाचा अल्बम सुग्रीवनंच केला होता. चपला हातात घेऊन तो वाळू तुडवत आला.

"काका, तुमीच हाय व्हय," तो म्हणाला. "कुणी धाडलंय तुमाला? तहसीलनं का पेपरवाल्यानं?"

"पाखराचे फोटो काढतोय बाबा."

"आमाला येडं समजता का? पाखरासाठी कोण एवढ्या उन्हात येतंय? खरं सांगा, काहून उभे हाय इथं?"

सुग्रीव खरं सांगायला तोंड उघडणार होता. मग त्याच्या ध्यानात आलं की अभिमन्यूला खरं पटलं, तर ट्रॅक्टर आत्ता बेटावर येतील. इतकी वर्षं लोकांना समजावण्यात दमलेल्या माणसाला गप्प बसणं काही अवघड गेलं नाही. त्यानं लेन्स उचलली आणि ट्रॅक्टरच्या नंबराकडे धरली. अभिमन्यूनं पुतण्याच्या लग्नाची ऑर्डर देऊ केली, चहा देऊ केला, शेवटी वच्छलाबाईंकडे बघितलं. म्हातारीनं वरती बोट केलं आणि डोळे मिटले. हे वरती म्हणजे तहसील, मंत्रालय की देव, ते तिलाच माहीत. अभिमन्यू परत गेला, पण गावाकडे नाही. काठावर बाभळीखाली ट्रॅक्टर लावून बसला. रात्री डोहाचा अंदाज येत नाही, वाळू काढायची ती दिवसाच. हा कधीतरी दमेल, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकीचा नव्हता. सुग्रीव दमलेलाच होता. पण आता रोज यायचं, आणि कुडाआड नाही, उघड्यावर उभं राहायचं, उताराकडे तोंड करून. म्हणजे बेटाकडे पाठ. मान वळवली की तिकडे इंजिन सुरू व्हायचं. ऊन चढायचं, शर्ट पाठीला चिकटायचा, खांद्यातून कळ निघून दाताच्या मुळापर्यंत जायची. हात खाली आला की अभिमन्यू उठून उभा राहायचा, वर गेला की बसायचा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा त्याला व्यायाम शिकवतोय. लेन्समधून सुग्रीवला दिसायचं ते एवढंच: अभिमन्यू, त्याची जांभई, त्याच्या मिशा.

मागचं सगळं वच्छलाबाई सांगायची. कुडाला टेकून, पंचायतीतली भांडणं सांगावीत तशी.

"आला बघ बाप. मासा लई मोठा हाय, पोराच्या तोंडात बसंना. आता माय वरडायलीय त्याच्यावर. ... बसला, बसला एकदाचा."

"कोणत्या बाजूनं बसलाय, मावशी? ऊन कुठून हाय?"

"तुझ्या पाठीवर पडलंय तेच ऊन हाय. आन् कोणतं असंल?"

त्याला हसूही आलं नाही. घरी गेलं की शिवकन्याबाई हळद-तेल चोळायच्या आणि एकच विचारायच्या, काढला का आज तरी? तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. खांदा दुसऱ्या कुशीवर वळू द्यायचा नाही.

मग एका सकाळी वच्छलाबाई बोलता बोलता थांबली. "सुग्रीवा," ती हळू म्हणाली, "वर बघ."

पिल्लं उडाली होती. त्याच्या डोक्यावरूनच गेली, पंख अजून कच्चे, उड्डाण तिरकं, मागोमाग आई-बाप. बापाच्या चोचीत मासा होता. सुग्रीवनं लेन्स वर नेली. छातीपर्यंत आली. तिथून हात पुढे गेलाच नाही. उजव्यानं रेटून बघितलं, तरी नाही. सुरय डोहावरून वळले आणि नदीच्या खालच्या अंगाला दिसेनासे झाले. त्यानं लेन्स वच्छलाबाईच्या टरबुजांत ठेवली, तिथंच खाली बसला आणि अभिमन्यूला हातानं खूण केली, या. त्या दिवशी दुपारपर्यंत बेट निम्मंही उरलं नव्हतं.

आठवड्यानं अभिमन्यू स्टुडिओत आला. दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, काय पुरावा गोळा केलाय तो एकदा दाखवा. सुग्रीवनं कॉम्प्युटर लावला. अख्ख्या उन्हाळ्याचं त्यात एकच चित्र होतं. एकदा बोट चुकून दाबलं गेलं होतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अभिमन्यू, मागं सकाळ, तोंडावर ऊन, मिशीचा केस न् केस दिसतोय.

अभिमन्यू बराच वेळ बघत राहिला. तहसील विसरला, पेपर विसरला.

"काका," तो म्हणाला, "लई झ्याक आलाय. मोठा करून फ्रेम द्या. फक्त जरा गोरं करता येईल का?"

सुग्रीवनं उजव्या हातानं माउस धरला. डावा मांडीवर पडून होता.

"बस," तो म्हणाला, "करतो."