नऊ तुमचे, अठरा माझे

भिंगारदिवे वकील घरी यायचे असले की आई आधी दाराचं कुलूप लपवायची. त्यांना चहा नको असे, पोहे नको असत. बोलता बोलता त्यांचा हात कोनाड्यातल्या कुलपाकडे जाई, खिशातून एक वाकवलेली तार निघे, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत कुलूप उघडं होऊन टेबलावर पडे. मग ते आईकडे बघत गंभीरपणे म्हणत, "वहिनी, हे कुलूप नाही. ही विनंती आहे."

शामुवेल भिंगारदिवे नगरच्या कोर्टात वकिली करत आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एकटेच राहत. वकिली पोटासाठी होती, जीव यंत्रांत होता. छावणीत लष्कराच्या भंगाराचा लिलाव असला की ते पक्षकाराला पुढची तारीख मागून द्यायचे आणि सायकल काढायचे. संध्याकाळी त्यांच्या कॅरिअरला रेडिओचे सांगाडे, तारांची वेटोळी आणि कशाची आहेत हे त्यांनाच ठाऊक अशी बटणं बांधलेली दिसत. घरात बसायला एकच खुर्ची मोकळी असे, आणि तिच्यावर ते स्वतः बसत.

त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते विचारायची वाट पाहत नसत. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. वकील स्वतःचा परवाना न चुकता नवा करून घेत आणि पोस्टाच्या खिडकीशीच भाषण देत. "ऐकायला परवाना लागतो, बोलायला लागत नाही. कायदा करणाऱ्यानं कागद उलटा धरला होता." मोठ्या शहरांत गणकयंत्रं येणार, कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, अशा बातम्या वर्तमानपत्रात येत, तेव्हा कोर्टातले कारकून धास्तावले होते. वकिलांनी त्यांना धीर दिला. "यंत्र तुमचं काम करील हो. पण तुम्ही तरी ते कुठं करता?"

कुलपांविषयीचं त्यांचं मत मात्र खरोखर गंभीर होतं. आतली रचना लपवून जे सुरक्षित राहतं ते मुळात सुरक्षित नसतं, असं ते म्हणत. "पोट फाडून सगळ्या गावाला दाखवा आणि मग म्हणा, उघड बघू. ते खरं कुलूप." म्हणून त्यांनी केलेल्या कुठल्याही यंत्राला झाकण नसे. फार तर काच असे.

असंच काच लावलेलं एक यंत्र त्यांनी केलं आणि त्यानं आमच्या घरात गोंधळ घातला. ते पत्रिका जुळवायचं यंत्र होतं.

यंत्रं हिशेब करू शकतात हे गल्लीतल्या लोकांना पटेना, तेव्हा त्यांनी लोकांना कळेल असाच हिशेब निवडला. एक तबकडी वराच्या नक्षत्राची, एक वधूची. दोन्ही फिरवल्या की आठ ओळींत बॅटरीचे बारके दिवे लागत. जितके दिवे तितके गुण, सगळे मिळून छत्तीस. गल्लीतल्या जोशीबुवांनी पंचांगातली कोष्टकं वाचून दाखवली, वकिलांनी तारा जोडल्या, आणि बुवांनी प्रत्येक जोडी हाताने पडताळून पाहिली. कोणी म्हणालं, वकीलसाहेब, तुम्ही तर ख्रिस्ती, तुमचा काय संबंध? ते म्हणाले, "आमच्यात पत्रिका नसते. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला कुठं मिळणार?"

माझी धाकटी बहीण विमल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथलाच मेकॅनिक दत्तू तिला आवडला होता आणि त्याला ती. दोघं वकिलांकडे तारांचे जोड डाख लावून पक्के करायला मदत करायची, त्यामुळे गल्लीला आमच्याआधी कळलं होतं. जात एक, घराणं बरं, आमची काहीच ना नव्हती. अडलं ते दत्तूच्या आईपाशी. सोनाबाई पारनेरकडच्या, कोरडवाहू शेतीवर चार मुलं वाढवलेल्या, आवाज शिवारभर जाणारा. अठराच्या खाली गुण आले तर सून करणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. आणि जोशीबुवांवर त्यांचा विश्वास नव्हता. "बुवा तुमच्याच गल्लीतला. मानूस वळतो, मशीन वळत न्हाई. मशीनला इचारा."

सोनाबाई यायच्या आदल्या दिवशी विमल वकिलांकडे गेली. मीही तिच्याबरोबर होतो. यंत्राची तार न् तार तिला माहीत होती, गुण चौदाच येणार हेही तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. "काका, फक्त एक तार," ती म्हणाली. "नाडीच्या ओळीतली. आठ दिवे वाढतील, बावीस होतील. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तुला कळेल," वकील म्हणाले.

"मला चालेल."

"मला नाही चालणार. दिवसभर कोर्टात खोटं ऐकतो मी, त्यातलं निम्मं माझंच असतं. घरात एक तरी वस्तू खरं बोलणारी असू दे."

विमल उठली आणि तडक घरी आली. ती एवढी रडली की आईनं वकिलांचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र आमच्या घरी आणलं. दत्तूला घेऊन सोनाबाई आल्या, मागे त्यांचे यजमान राणूबापू. बापू फारसं बोलत नसत. पटका मांडीवर घेऊन दाराशी बसले. जोशीबुवांनी तबकड्या फिरवल्या. दिवे लागले, चौदा, आणि नाडीची ओळ काळीठिक्कर राहिली.

"आटपलं," सोनाबाई म्हणाल्या. "दत्त्या, ऊठ. गाडीची येळ झाली."

विमल भिंतीला टेकून उभी होती. दत्तूला उठवेना.

"सोनाबाई, एक मिनिट," वकील अंगात काळा कोट असल्यासारखे उभे राहिले. "बाजारात धान्य घेताना तुम्ही वजनं तपासता की नाही?"

"तपासते की. लई लबाड असत्यात."

"मग हे यंत्रही तपासू. ज्यांचा संसार चांगला झाला म्हणून तुमची खात्री आहे, असं एक जोडपं सांगा."

सोनाबाईंनी पदर सारखा केला. "लांब कशाला जायाचं? आमचंच घ्या. सत्तावीस गुन जमले हुते आमचे. सासऱ्यानं भर मांडवात सांगितलं हुतं."

जोशीबुवांनी दोघांची जन्मनावं विचारली, नक्षत्रं काढली, तबकड्या फिरवल्या. एवढे थोडे दिवे लागले की बुवांनी आधी बॅटरीकडे पाहिलं. मग बोटांवर स्वतः मोजलं आणि खाली मान घालून म्हणाले, "नऊच येतात."

"मशीन बिघडलं!" सोनाबाई कडाडल्या.

"बिघडलं असेल तर मुलांचा निकालही रद्द," वकील लगेच म्हणाले.

"आन् न्हाई बिघडलं तर?"

वकील चष्मा पुसू लागले. तेवढ्यात दाराशी बापू खाकरले.

"न्हाई बिघडलं. बराबर हाय त्ये."

सगळे वळले. बापू पटक्याशी बोलावं तसं बोलत होते. "माझी मावशी खर्ड्याला दिल्याली. तिथं बाजारात तू बांगडीवाल्याशी भांडत हुतीस. आख्खा बाजार थांबला हुता. मी घरी येऊन आबाला म्हनलं, हीच पायजे. आमच्या गावचा जोशी म्हनला, नऊच जमत्यात. मी त्याला इहिरीवर गाठला. म्हनलं, बुवा, नऊ तुमचे, अठरा माझे. सांगा सत्तावीस."

सोनाबाईंचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. रागानं लाल झाला होता की आणखी कशानं, सांगता येत नाही.

"एवढी वर्सं गप ऱ्हायलात?"

"इचारलं कुनी?"

मग त्या दत्तूकडे वळल्या.

"चौदा हायत. तू किती घालतोस रं?"

"लागतील तेवढे," दत्तू म्हणाला.

लग्न वैशाखात झालं. यंत्र मात्र त्याआधीच मोडलं. झालेली हकीगत गल्लीत पसरली आणि दुसऱ्या सकाळी वकिलांच्या दाराशी बायका जमल्या. लग्नाच्या मुली कोणाच्याच नव्हत्या. जिला तिला आपल्याच नवऱ्याचे गुण बघायचे होते. वकिलांनी मागच्या दारानं आत जाऊन तारा उपटल्या. "असं यंत्र नवराबायकोच्या मध्ये ठेवणं हा अजून गुन्हा नाही," ते मला म्हणाले, "पण व्हायला हवा. मसुदा मी देतो."

पुढे विमल माहेरी आली की त्यांच्याकडे जायची, मुलांना त्यांच्या पसाऱ्यात सोडायची. पण त्या तारेचा विषय दोघांनी कधी काढला नाही. बऱ्याच वर्षांनी वकील हॉस्पिटलात होते तेव्हा मी आणि विमल भेटायला गेलो. खूप वाळले होते. विमल त्यांच्या उशाशी बसली आणि आपण होऊन म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा तार बदलली असती ना, तर प्रत्येक भांडणात मला ती तार आठवली असती. सासूबाईंना कळेल म्हणून जन्मभर भ्याले असते."

त्यांनी डोळे उघडले. "मला वाटलं, तू अजून चिडलेलीच आहेस."

"चिडलेलीच आहे. किती रडवलंत मला!"

"मग अपील कर," वकील म्हणाले. श्वास पुरेना, म्हणून थोडं थांबले. "वरचं कोर्ट आहे. मी पुढे जाऊन तारीख घेऊन ठेवतो. तू सावकाश ये. लांबची घेतो."