नाशिकची लाइन, सुरतची लाइन

राउटरमधल्या जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. आमच्या जळगावच्या ऑफिसातले किस्से मात्र साठतच जातात, कारण चहाच्या वेळी कोणी ना कोणी ते पुन्हा काढतंच!

आमची छोटी इंटरनेट कंपनी. बाहेर जायला दोन लाइनी, एक नाशिककडून, एक सुरतकडून. कोणाचा डेटा कुठून जायचा, याचे नियम राउटरला लिहून द्यायचं काम नलिनीताईंचं. मी त्यांच्या हाताखाली. सलीमभाई केबल जोडणारे.

*

पहिल्याच आठवड्यात मी नियम लिहिला, अमुक ग्राहकांना जाऊ दे. एंटर मारलं आणि बाकीचे सगळे बंद!

"यादीच्या शेवटी न लिहिलेला 'नाही' असतो," नलिनीताई म्हणाल्या. "बाकीच्यांनाही जाऊ दे, हे वेगळं लिहावं लागतं."

सलीमभाई म्हणाले, "न बोलताच नाही? हा राउटर तर आमच्या अब्बांसारखा निघाला!"

*

एरंडोलच्या नानांचा फोन. "बठ्ठं गाव चालू शे, मीच एकला बंद शे!"

नियमात मी त्यांच्या इंटरनेट-पत्त्याचा एक आकडा चुकवला होता. त्यांच्या वाटचा स्पीड शेजाऱ्याला गेला आणि त्याचा दुप्पट झाला होता.

नाना म्हणाले, "तरीच तो सकायपासून हासी राहिना!"

*

एकदा जळगावात बसून धुळ्याच्या राउटरचा नियम बदलला आणि इथून त्यात शिरायचा माझाच रस्ता बंद केला. तिथे जाऊनच दुरुस्त करायला निघालो जीपने. पारोळ्याजवळ सलीमभाई म्हणाले, "माझी केबल तुटली की निदान दोन तुकडे दिसतात. तुमचं तुटलेलं दिसतपण नाही!"

*

नियमांची सफाई करताना एकाच घरासाठी लिहिलेला नियम सापडला. पाचोऱ्याचं घर, सुरतची लाइन. कोणीतरी काढायचा विसरलं असेल, असं समजून मी तो उडवला.

चौथ्या दिवशी त्या घरच्या अक्का रेल्वेने ऑफिसात आल्या. त्यांना ऐकू येत नाही. मुलगी परदेशात, रोज दुपारी चारला दोघी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतात. अक्कांनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली. 'तीन दिवस मुलीचे हात मध्येच थांबतात. वाक्य अर्धं राहतं.'

वेगळा नियम नसेल तर डेटा नाशिकच्या लाइनीने जातो आणि तिथे दुपारी गर्दी असते, म्हणून नलिनीताईंनी तो नियम मुद्दाम लिहिला होता. चिठ्ठी वाचून त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. लगेच त्यांनी नियम परत घातला आणि म्हणाल्या, "तू आणि सलीमभाई अक्कांना घरी सोडा. कॉल नीट झालेला डोळ्यांनी बघ, मगच ये."

सलीमभाईंनी जीप काढली. चारच्या आत पाचोरा गाठलं. मोबाइल उजळला. मुलीचे हात भराभर चालू लागले, कुठेही न अडखळता. अक्का बघत राहिल्या, डोळे भरून आले, मग एकदम हसू फुटलं.

सलीमभाईंना राहवेना. त्यांनी खुणेनेच विचारलं, काय म्हणते?

अक्कांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'म्हणते, आता स्पष्ट दिसतंय. केस का नाही विंचरलेस?'