आमचा डच नगरसेवक

घरात दाराआड एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात आणखी ढीगभर पिशव्या कोंबलेल्या असतात. ऑफिसातले किस्से तसेच साठत जातात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात आणि परत आत जायचं नाव घेत नाहीत. परवा नौपाड्यात जुन्या मैत्रिणी जमलेलो. एकीने सहज विचारलं, "काय गं, तुझा तो डच प्रोजेक्ट कसा चाललाय?" आणि माझं डोकंच फिरलं. आता सगळंच ऐका!

आमचं ऑफिस घोडबंदर रोडला. हॉलंडमधल्या एका छोट्या शहराच्या नगरपालिकेचं तक्रारींचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. तिकडे कोणाच्या गल्लीतला दिवा गेला, कोणाचा कचरा उचलला नाही, की तक्रार आमच्या स्क्रीनवर. आम्ही ती बरोबर त्या खात्याकडे पाठवायची. टीम सहा जणांची, पण किश्श्यात येतात ते तिघंच. मॅनेजर सावंतसाहेब, मी, आणि कोपरहून येणारी प्रज्ञा. तिने डच भाषा स्वतःची स्वतः शिकून घेतलेली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. कंपनीकडे आमच्यासाठी दुसरं काम नव्हतं. हे गेलं की सगळे घरी, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि तिकडून आमच्याशी बोलणारा सल्लागार म्हणजे हेन्क. उंच, हसरा, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा.

*

एक दिवस कॉलवर हेन्क म्हणाला, "मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतोय."

सावंतसाहेब खुर्चीत सरसावून बसले. "अभिनंदन सर! तिकीट कोणी दिलं?"

"पक्षाच्या मीटिंगमध्ये ठरलं. कॉफी पिता पिता."

"आणि कार्यकर्ते किती?"

"मी, माझी बायको आणि आमच्या दोन सायकली."

साहेबांनी माईक म्यूट केला आणि आमच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "पडणार हा."

*

थंडी सुरू झाली तसा हेन्कने फोटो पाठवला. बाजारात उभा राहून लोकांना पिशवीतून काहीतरी गोल, तपकिरी वाटतोय. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि टेबलावर थाप मारली. "कांदे वाटतोय रे! इलेक्शनला कांदे! आपल्याकडे इतकी वर्षं कोणाला सुचलं नाही!" लगेच ईमेलही केला, सर, तुमची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे.

ईमेल गेल्यावर प्रज्ञाने सांगितलं की ते ट्यूलिपचे कंद आहेत. जमिनीत लावायचे, वसंतात फुलं येतात.

"म्हणजे खायचे नाहीत?" साहेबांचा चेहरा पडला. "मग कशाला कोण मत देईल?"

*

प्रज्ञाच्या गल्लीतला दिवा गणपतीपासून बंद होता. ही बाई दिवसभर घोडबंदरला बसून हॉलंडमधले दिवे लावायची आणि संध्याकाळी मोबाईलच्या उजेडात खड्डे चुकवत घरी जायची. संताप येणार नाही तर काय! शेवटी ती तिथल्या माजी नगरसेवकाच्या ऑफिसात गेली. तो म्हणतो कसा, "ताई, तुमची वट तर डायरेक्ट परदेशात. तिकडूनच एक दिवा मागवा की!"

दुसऱ्या दिवशी कॉलवर तिने हे हेन्कला सांगितलं, आपण मित्राला सांगतो तसं, हसत हसत. तो पोट धरून हसला. पुन्हा सांग म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. किती साधा माणूस आहे, असं आम्ही डबा खाताना बोललोसुद्धा.

*

"एक छोटंसं फेवर हवंय," हेन्क म्हणाला. वर्षभरात तक्रारी किती आल्या, किती सुटल्या, याचे रंगीत चार्ट. तेही तीन दिवसांत.

"शुअर सर!" सावंतसाहेब. विचारायचं नाही, बघायचं नाही, आधी शुअर सर!

मधे आली धुळवड. खाली सोसायट्यांत गाणी लागलेली, लोक रंगात न्हालेले, आणि आम्ही वर एसीत चार्ट करतोय. मी पुरणपोळी डब्यात घालून ऑफिसला गेलेले. सणाच्या दिवशी! संध्याकाळी हेन्कचं उत्तर आलं. "फारच सुंदर! पण तुम्हा लोकांना सुट्ट्या वगैरे नसतात का?"

त्या क्षणी तो समोर असता ना, तर मी त्याला धुळवड म्हणजे काय ते दाखवलं असतं.

*

तर हा माणूस निवडून आला! नुसता आला नाही, नगरपालिकेच्या कारभाऱ्यांमध्ये जाऊन बसला, तेही आमच्याच खात्याचा प्रमुख होऊन. सावंतसाहेबांनी पेढे आणले. "आपला माणूस निवडून आला!" म्हणत अख्ख्या मजल्यावर वाटले.

प्रज्ञाने तिकडचं स्थानिक वर्तमानपत्र उघडलं. पेढा तिच्या हातातच राहिला. फोटोत हेन्क स्टेजवर उभा, मागे पडद्यावर आमचाच चार्ट. खाली त्याचं प्रचारातलं भाषण. तिने सावकाश वाचून मराठीत सांगितलं, "एवढं काम आपल्या शहराचं, आणि ते करतंय कोण? सात समुद्रांपलीकडची माणसं, ज्यांच्या स्वतःच्या गल्लीत दिवा नाही! हे काम मी घरी आणणार."

तिने हातातला पेढा टेबलावर ठेवून दिला.

"ही माझी गल्ली आहे," प्रज्ञा म्हणाली. "मी सांगितलेली त्याला."

माझ्या अंगाची आग आग झाली. सावंतसाहेब मात्र समजूत घालायला लागले. "अगं, प्रचारात बोलतात असं. आपल्याकडे नाही का बोलत? करतं कोण?"

"साहेब," प्रज्ञा म्हणाली, "तिकडे करतात."

*

आणि केलंच. काही महिन्यांनी काम समजून घ्यायला हेन्क स्वतः ठाण्यात आला. त्याच्या माणसांना सगळं शिकवायचं आम्ही, आणि शिकवून झालं की घरी जायचं आम्हीच. आता यावर सावंतसाहेबांनी काय करावं? त्याचा सत्कार ठेवला!

"साहेब, तो आपल्याला घरी बसवायला आलाय!" मी अक्षरशः ओरडले.

"अगं, दारी आलेला पाहुणा आहे. आपली पद्धत आहे ती."

झालं. कॉन्फरन्स रूममध्ये रांगोळी, फोटोग्राफर, हेन्कच्या डोक्यावर फेटा. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर शाल घातली. हेन्क भाषणाला उभा राहिला. तुम्ही माझं दुसरं कुटुंब आहात म्हणाला. मग त्याने शाल हळूच काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली. "माफ करा. मी आता लोकप्रतिनिधी आहे. मला कोणाकडून काही घेता येत नाही. हा माझ्यासाठी तत्त्वाचा प्रश्न आहे."

टाळ्या! आमच्याच लोकांच्या टाळ्या! सावंतसाहेब माझ्या कानात म्हणाले, "बघ, याला म्हणतात नेता."

आभार मानायला प्रज्ञाला उभं केलेलं. तिने माईक घेतला आणि आधी डचमध्ये एकच वाक्य बोलली. मग आम्हाला कळावं म्हणून तेच मराठीत.

"साहेब, आम्हा सहा जणांचं काम घेतलेलं तुम्हाला चाललं, आणि शाल तेवढी चालत नाही?"

हेन्क कानापर्यंत लाल झाला. त्याने सावंतसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग त्याने ती शाल उचलली, उलगडली, दोन्ही खांद्यांवरून व्यवस्थित ओढून घेतली, फेटा सरळ केला आणि फोटोग्राफरकडे वळून हसत म्हणाला, "घ्या आता फोटो."