कढीपत्ता वॉरंटीत बसत नाही

आमच्या स्टाफरूममधल्या कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साचत जातात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण दर वर्षी ढीग वाढतोच. किस्स्यांचंही तसंच! फरक एवढाच की गठ्ठे कधीतरी रद्दीवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही. म्हटलं, आपणच थोडे खाली उतरवावेत.

मी चामोर्शीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. सगळे मला बोरकुटे बाई म्हणतात. काही वर्षांपूर्वी स्टाफमधल्या आम्ही सहा जणांनी चंद्रपूरला जाऊन एकाच दुकानातून, एकाच दिवशी लॅपटॉप घेतले. मॉडेलही एकच. पण कोणी वॉरंटी वाढवून घेतली, कोणी फोडाफोडीचं कव्हर घेतलं, कोणी दोन्ही घेतलं आणि एकाने काहीच घेतलं नाही. पुढे या सहा लॅपटॉपांचं जे काही झालं, त्यामुळे मी गावात या विषयाची जाणकार होऊन बसले! आता कोणीही नवा लॅपटॉप घ्यायला निघाला की आधी मला विचारतो, "बाई, वॉरंटी घेऊ का?"

मी उलट विचारते, "घरी कोण कोण राह्यते?"

हसू नका. खरंच त्यावरच आहे!

*

दुकानातल्या टाय लावलेल्या पोराने आम्हाला फार छान समजावलं होतं. "मशीन आपोआप बिघडलं तर एक्स्टेंडेड वॉरंटी. तुम्ही बिघडवलं तर ॲक्सिडेंटल डॅमेज. दोन्ही वेगळं."

आमचे प्राचार्य निकुरे सर अतिशय सावध माणूस. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा चष्मा लावून वाचतात. त्यांच्या कानात फक्त 'ॲक्सिडेंटल' शिरलं.

"दोनी टाका," ते म्हणाले. "नॉमिनी बायकोले करा."

पोरगा गोंधळला. "सर, हा विमा लॅपटॉपचा आहे. तुमचा नाही."

"हो, समजलं ना. पण लॅपटॉपले काई झालं तं नॉमिनी कोण?"

पोरगा फॉर्म उलटसुलट करून बघायला लागला. मागून आमचे केमिस्ट्रीचे रफिक सर म्हणाले, "सर, चार्जरले करा!"

*

निकुरे सरांच्या त्या वॉरंटीचं पुढे सोनं झालं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या स्क्रीनवर आपोआप हिरव्या रेषा उमटल्या. पडला नाही, आपटला नाही, म्हणजे केस सरळ एक्स्टेंडेडची. घरी येऊन दुरुस्ती करून देणं त्यातच होतं.

नागपूरहून इंजिनिअर निघाला. फोनवर आधी कुरकुर केली. "सर, फारच लांब आहे हो तुमचं गाव!"

"लांब तुमाले हाय. आमाले तं जवळच हाय," सर म्हणाले.

तो आला त्या दिवशी नेमका आठवडी बाजार. सरांच्या घरी वैनगंगेचे झिंगे शिजत होते. इंजिनिअर जेवला. मग लॅपटॉप उघडून बघतो तर सोबत आणलेला पार्ट भलत्याच मॉडेलचा! पुन्हा यावं लागणार होतं. दुसऱ्यांदा आला तोही बाजाराच्याच दिवशी. स्क्रीन बसवला, जेवला, डबा भरून घेऊन गेला.

पुढे महिनाभराने त्याचाच फोन. "सर, लॅपटॉप कसा आहे?"

"एकदम झकास."

पलीकडून हळूच आवाज आला, "काही बिघडलंच तर सर, तक्रार बाजाराच्या दिवसाचीच टाका!"

*

काहीच न घेणारे ते आमचे मोहुर्ले सर. फिजिक्सचे. दुकानात त्या पोरालाच त्यांनी लेक्चर दिलं होतं. "चांगली वस्तू बिघडत नाई. अन् बिघडली तं मी कायले हाओ?"

पहिल्या वर्षाची फुकटची वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत लॅपटॉप चालू होईना. सरांनी दार लावून घेतलं. दोन दिवस ते कोणाला भेटले नाहीत. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून चंद्रपूरला निघाले.

मेकॅनिकने झाकण काढलं आणि विचारलं, "सर, हा आधी कोणी उघडला होता का?"

"नाई. उंदीर-बिंदीर शिरला असंल."

मेकॅनिकने मान हलवली. "असेल. पण तुमच्या घरचा उंदीर स्क्रू उलटे फिरवते!"

मदरबोर्ड बदलावा लागला. त्या खर्चात नव्या लॅपटॉपचा बराचसा भाग आला असता, त्यामुळे आकडा आम्ही त्यांना आजवर विचारलेला नाही. पण मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा लॅपटॉप घ्यायला मी सोबत होते. दुकानदाराने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तीन वर्षांची टाका. पोरगी बी फिजिक्सच घेऊन राह्यली!"

*

मराठीच्या शारदाबाईंनी एक्स्टेंडेड घेतली होती, ॲक्सिडेंटल नाही. "मी काय लॅपटॉप फेकून मारणार आहे का कोणाले?" असं त्यांचं म्हणणं.

परीक्षेचे दिवस. बाई स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून प्रश्नपत्रिका टाइप करत होत्या. शेजारी गॅसवर कढी. पातेलं उतरवताना चिमटा सटकला आणि गरम कढी थेट कीबोर्डवर! लॅपटॉप फुसकन बंद.

सासूबाई मदतीला धावल्या. त्यांना उपाय माहीत होता. "मोबाइल पाण्यात पडला होता तवा तांदळात ठेवला होता ना? मंग!" लॅपटॉप मोठा, म्हणून त्यांनी तो सरळ पोत्यातच घातला. पोतं तांदळाचं नव्हतं, धानाचं होतं. सालासकट! दोन दिवसांनी बाहेर काढला तेव्हा पंख्याच्या जाळीतून कोंडा गळत होता.

इंजिनिअर घरी आला. "मॅडम, काही सांडलं होतं का?"

"नाई जी! आपोआप बंद पडला."

त्याने मागचं झाकण काढलं. आधी धानाचे दाणे टपटप खाली पडले. मग त्याने चिमट्याने काहीतरी वर उचललं. वाळलेलं, काळपट.

"मॅडम, हा कढीपत्ता आहे."

शारदाबाई मराठीच्या. शब्द कधी कमी पडत नाहीत. "कंपनीतूनच आला असंल!"

"मॅडम," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "कढीपत्ता वॉरंटीत बसत नाही."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "धान तं बसते ना?"

*

रफिक सरांचं घराणं चंद्रपूरचं, कापडाचे व्यापारी. त्यांच्या अब्बांनी फोनवरच निकाल दिला होता. "बेटा, इज्जतीचा विमा कुठी मिळत नाई. काचेचा मिळते, तो घेऊन टाक!" म्हणून त्यांच्याकडे ॲक्सिडेंटल.

सरांची चामोर्शीतली खोली वरच्या मजल्यावर, पुढे गच्ची. सुट्टीच्या दिवशी सकाळी टेबलावर लॅपटॉप, बाजूला कापलेला जाम. जाम म्हणजे पेरू, आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात. सर चहा आणायला आत गेले, तेवढ्यात एक वानर उतरलं. जाम खाल्ला, लॅपटॉप काखेत मारला आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. उघडून पाहिला. आवडला नसावा. दिला खाली फेकून!

सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी समोरचे प्रश्न वाचून विचारत होती.

"सर, नुकसान कसं झालं?"

"वांदरानं टाकीवरून फेकला."

पलीकडे कीबोर्डची टकटक. "सर, वानर पाळीव आहे का?"

"नाई!"

"सॉरी सर, पाळीव प्राण्याने केलेलं नुकसान कव्हर होत नाही, म्हणून विचारावं लागतं. वानर तुमच्या मालकीचं नाही, असं लिहू?"

"लिहा."

"मग कोणाच्या मालकीचं आहे, सर?"

"थांबा मॅडम," सर म्हणाले, "समोरच बसला हाय. त्यालेच विचारून सांगतो!"

क्लेम मंजूर झाला. नवा स्क्रीन, नवं झाकण, सरांना जवळपास काही खर्च आला नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ज्याच्या घराला गच्ची आहे, त्याने ॲक्सिडेंटल घ्यावंच.

*

आता माझं. मी दोन्ही घेतलं होतं. तीन वर्षांत माझ्या लॅपटॉपला काहीही झालं नाही. ओरखडासुद्धा नाही!

मुदत संपली त्या संध्याकाळी आमचे मिस्टर जेवताना म्हणाले, "गेले ना पैसे पाण्यात? सांगत होतो."

मी वरण वाढता वाढता म्हटलं, "तुमचा विमा लग्नापासून भरून राह्यली मी. तुमाले तरी कुठं काई झालं? तो बी पाण्यातच गेला म्हणू का?"

त्यांनी गुपचूप भात कालवला.

*

शेवटचे मडावी सर. इतिहासाचे. मूळचे हेमलकशाच्या पलीकडच्या एका गावचे, गोंडी बोलणाऱ्या घरातले. माणूस कमी बोलणारा. दर सुट्टीत गावी जायचे, आत्याकडे बसायचे आणि तिची जुनी गोंडी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचे. परत आले की लॅपटॉपमध्ये टाकायचे, मोबाइल रिकामा करायचे. लॅपटॉप घेतल्यापासून असंच चाललेलं. त्या गाण्यांचं पुस्तक करायचं, एवढी एकच गोष्ट ते आपणहून बोलत.

एका पावसाळ्यात गावाहून परतताना नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, त्यांची मोटारसायकल घसरली. सर बचावले, बॅग वाहत गेली. जवळच्या गावातल्या पोरांनी पुढे जाऊन झुडपातून काढली, तोवर लॅपटॉपात पाणीच पाणी.

दुकानात मीच मागे लागून त्यांना ॲक्सिडेंटल घ्यायला लावलं होतं. फोन केले, फोटो पाठवले, आणि कंपनीने कळवलं की दुरुस्त होण्यासारखा नाही, जुना परत करा, नवा देतो. आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले! मी तर अशी मिरवत होते, जणू कंपनी माझीच.

नवा लॅपटॉप आला. सरांनी खोका उघडला, पण बटण काही दाबलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "गाणी कुठी हायेत याच्यात?"

माझं मिरवणं तिथेच संपलं. कव्हर मशीनचं होतं. आतलं जे काही, ते ज्याचं त्याने सांभाळायचं. हे मी त्यांना दुकानात सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाही सुचलं नव्हतं.

जुना लॅपटॉप अजून आमच्याकडेच होता. गाणी काढता येतात का बघायला रफिक सर तो घेऊन चंद्रपूरला गेले, मग तिथून नागपूरला. जो भेटला त्याने नाहीच म्हटलं. मग तो कंपनीला गेला.

मडावी सर चहाला यायचे बंद झाले. तास घ्यायचे, खिडकीशी बसायचे, घरी जायचे. आम्हाला कळत होतं. आत्याचं वय झालेलं, आणि सर आता गावी जायचं नावच काढेनात. तिला काय सांगायचं, हेच त्यांना कळत नव्हतं.

शेवटी निकुरे सर त्यांच्याजवळ जाऊन बसले. "मडावी, आत्या हाय ना?"

"हाय जी."

"मंग जा ना! रजेचं मी पाह्यतो."

एकटे गेले नसते, म्हणून मी आणि आमचे मिस्टर गाडी काढून सोबत गेलो. जंगलातल्या रस्त्याने सर मोबाइल हातात उलटसुलट करत बसले.

आत्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बारीक, काटक, कानात जड बाळ्या. आम्हाला खाट दिली, पाणी दिलं. सर तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि खाली मान घालून गोंडीत सगळं सांगायला लागले. नाला, बॅग, पाणी. मला भाषा कळत नव्हती, पण त्यांचा आवाज मध्येच चिरकला ते कळलं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला. शेंगांचं सूप बाजूला सरकवून तिने सरांच्या पाठीवर एक थाप मारली आणि काहीतरी बोलली. 

"का म्हणते आत्या?" मी विचारलं.

"म्हणते, बुडाले तं बुडाले. ते साधे गाणे होते, लग्नात कोणीबी म्हणते तसे." सर पुढे म्हणाले, "खरे तिनं मले दिलेच नव्हते म्हणते."

"काऊन?"

सरांनी तिला कारण विचारलं. आत्याने एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले आणि अगदी सहज उत्तर दिलं. सर एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"म्हणते, तू दर खेपेले येत होता अन् घड्याळ पाह्यत होता. अंधार पडाच्या आधी निघाचं राह्यत होतं तुले. जुनं गाणं एका बैठकीत सरत नाई. अर्धं तोडून देणं बरं नाई, म्हणून दिलं नाई."

 मग सरांच्या डोळ्यांत बघून तिने आणखी काही विचारलं. या वेळी सर भाषांतर करायचं विसरले. मीच त्यांना कोपराने ढोसलं.

"म्हणते," सर डोळे पुसत म्हणाले, "आता सांग, या खेपेले किती दिवस राहशीन?"