साहेबांना दिलेली चटई

आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरावर सिनेवा मावशीचं राज्य आहे. पाद्रीसुद्धा तिथे विचारून शिरतात. दारात कोणीही येवो, मीटर बघणारा असो की वाट चुकलेला, जेवल्याशिवाय ती त्याला सोडत नाही. आमचं सामोआ बेट सोडून या गार शहरात तिचा उभा जन्म गेला, पण खोड गेली नाही.

गेल्या वर्षी पहाटे पोलीस तिच्या घरी आले. तिचा मुलगा तावीता पावाच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याला अंगणात पालथा पाडून, हात पिरगाळून घेऊन गेले. दुपारी सोडून दिलं. माणूस चुकला म्हणे, हवा होता तो दुसराच. तोवर तावीताचा हात मोडला होता. अजूनही गिअर टाकताना त्याला कळ येते. मावशीने ना वकील गाठला, ना अर्ज केला. तिला एवढंच हवं होतं, की पोलिसांतल्या कोणी मोठ्या माणसाने तिच्या दारात यावं.

आमच्यात माफी तशीच मागतात. चूक पोराची असली तरी त्याच्या घराण्यातला मोठा माणूस उजाडायच्या आत समोरच्याच्या अंगणात येऊन गुडघे टेकतो, घराण्याची चांगली चटई डोक्यावरून पांघरतो आणि गप्प बसून राहतो. घरातल्यांनी बाहेर येऊन चटई उचलली, की मिटलं. मावशीच्या नवऱ्याच्या गाडीखाली एकाचा पाय गेला, तेव्हा तिचा सासरा असाच बसला होता. त्यामुळे पोलीस येणार याबद्दल तिला शंकाच नव्हती. रोज अंधारात उठून ती अंगण झाडायची. बसणाऱ्याच्या गुडघ्यांना खडे टोचू नयेत म्हणून!

"अगं मावशी, त्यांना आपली रीत काय ठाऊक?" मी म्हणालो.

"का रे? त्यांना आईबापांनी वाढवलं नाही?"

मग शहराने एक समिती नेमली. पोलिसांवर देखरेख कशी ठेवावी, त्यांनी काय सुधारावं, हे जनतेनेच सांगायचं होतं. त्यासाठी समितीच्या अध्यक्षबाई आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आल्या आणि येताना पोलिसांचे मोठे साहेब प्रेंटिस यांनाही घेऊन आल्या. ज्यांची तक्रार करायची ते पहिल्या रांगेत, गळ्यात आम्हीच घातलेला हार.

इथेच आमचं घोडं अडलं. पाहुण्याला तोंडावर वाईट बोलायचं तरी कसं? मुलिआगा काका हे आमच्या सगळ्यांच्या वतीने भाषण करणारे. काठी टेकून ते उभे राहिले आणि देवापासून सुरुवात करून समुद्र, पूर्वज अशी वळणं घेत पोलिसांच्या इस्त्रीच्या गणवेशापर्यंत आले. आम्ही स्तोत्र म्हटलं. मग नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि भाजलेलं डुक्कर. बाई खुशीत होत्या.

"आता मोकळेपणाने सांगा, पोलिसांत काय बदल हवा?"

सगळे आपापल्या ताटात बघू लागले. मीही बघितलं. मला माझीच लाज वाटत होती.

मावशी उठली. आत गेली आणि चटई घेऊन आली. केवड्याच्या पातीची, तिच्या आईने विणलेली, जुन्या लुगड्यासारखी मऊ. तिने ती साहेबांच्या पायाशी ठेवली.

"ही घ्या. तुमच्याकडे नसेल."

 आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. मुलिआगा काकांनी खाली मान घातली. फक्त साहेबांना कळलं नाही. त्यांचे डोळे पाणावले, त्यांनी मावशीला मिठी मारली, आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

समितीचा अहवाल आला. आमच्या समाजाचा पोलिसांवर गाढ विश्वास आहे, असं त्यात होतं.

मावशी मात्र खुशीत होती. "चटईवाचून अडलं होतं बघ त्यांचं," म्हणाली आणि पहाटे अंगण झाडून चहाचं आधणही ठेवू लागली. कोणी आलं नाही.

पुढे माझी सायकल चोरीला गेली म्हणून मी पोलीस ठाण्यात गेलो, तर चटई भिंतीवर! काचेच्या चौकटीत. खाली पितळी पाटी, 'कृतज्ञ समाजाकडून भेट'. मी मावशीला सांगितलं. वाटलं, आता तरी ती चिडेल. तिने चर्चला घालायचा झगा चढवला आणि माझ्याबरोबर आली.

टेबलामागचा तरुण पोलीस कौतुकाने म्हणाला, "छान आहे ना, आजी? तुमच्याच लोकांनी दिली."

मावशीने काचेवर बोट टेकवलं.

"साहेबांना सांग, सिनेवा वाट बघतेय."

"सांगतो की. पत्ता देऊन ठेवता का?"

"पत्ता कशाला, बाळा?" मावशी म्हणाली. "त्या पहाटे अंधारातसुद्धा घर बरोबर सापडलं होतं."