कडीकुलुपाचा प्रोग्रॅम

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे कडीकुलूप म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, इतकं चपखल! माणूस म्हणजे डब्याला झाकण, झाकणाला दोरा आणि दोऱ्याला गाठ. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा पास्कल नावाच्या भाषेत, आणि तिथेही तीच खोड. पास्कलमध्ये एखादी वस्तू घडवली की तिचे गुणधर्म कुठल्या कप्प्यात ठेवायचे, ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. 'प्रायव्हेट'मध्ये ठेवले तर बाहेरच्याला काही कळत नाही. 'पब्लिश्ड'मध्ये ठेवले तर प्रोग्रॅम चालू असताना त्या वस्तूला खुशाल विचारावं, बाई गं, तुझ्यात काय काय आहे? आणि तिने एकेक नाव, एकेक आकडा घडाघडा सांगावा. कडीकुलूप सगळं प्रायव्हेटमध्ये कोंबायचा. त्याची बायको सगळं पब्लिश्डमध्ये मांडायची.

हो, बायकोही तिथेच, त्याच टेबलाच्या पलीकडे. तिला सगळे बाई म्हणत. दोन जाडजूड मॉनिटर पाठीला पाठ लावून ठेवलेले, मधल्या फटीतून दोघांची भांडणं चालायची.

"अगं, घर सताड उघडं टाकून कोण जातं?"

"आणि तुम्ही? घरच्यांनाच बाहेर ठेवून कुलूप लावता! उद्या आपण नसलो तर त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमने कुणाकडे बघायचं?"

मग थोडा वेळ नुसती कीबोर्डची खडखड. मग फटीतून चहाचा कप सरकून यायचा, बहुतेक वेळा अर्धा प्यालेला. काय दिवस होते ते! त्या खोलीत प्लास्टरचा वास होता, शेजारी कानस घासल्याचा आवाज होता, पगार बेताचा होता, आणि कडीकुलुपाला ते सगळं आजही परत हवं होतं.

हिशोबाचा भाग त्याचा, माणसांचा भाग बाईचा. पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो त्या पोकळ साच्याला तिथे सॉकेट म्हणत. नुसत्या मापाने बनवलेलं सॉकेट टोचतं. म्हणून बाई प्रत्येकाजवळ स्टूल ओढून बसायची. "इथे दुखतं? आणि इथे? खरं सांगा, लाजताय काय!" जिथे दुखेल तिथे थोडी सूट. प्रत्येकाची सूट वेगळी, आणि ती सगळी बाईच्या भागात साठलेली.

बाई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या कॉम्प्युटरची डिस्क तिच्यामागोमाग गेली, आणि लिहिलेला मूळ मजकूरही. उरला तो कारखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा बंद भाग, कम्पाइल करून म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून ठेवलेला. चालायचा, पण आत काय आहे ते दिसायचं नाही. आता कारखान्यात नवं मशीन आलं. ते पायाचा आकार टिपायचं झकास, पण कुठे दुखतं ते त्याला कोण सांगणार? पहिलंच सॉकेट बनवलं ते शिंप्याचं. हा म्हणजे जुनं गिऱ्हाईक, दिवसभर शिवणयंत्राचं पायडल मारणारा. दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसला.

"बाईंचा पाय द्या हो मला," तो म्हणाला. "हा नको."

कडीकुलुपाची मुलगी तिथेच सॉकेट बनवायची. ती बापाकडे आली. "बाबा, आईने कुणाला कुठे किती सूट दिली, ते आकडे बाहेर काढता येतील का? नाहीतर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून दुखवून घ्यावं लागेल. आणि जुना कॉम्प्युटर तर आता कधीही बसेल."

"काढता येतील," तो म्हणाला. "तिचं सगळं पब्लिश्डमध्ये असायचं."

म्हणाला खरा, आणि दुसऱ्याच क्षणी त्याने जीभ चावली. कारण बाई अंथरुणाला खिळली, त्या वर्षी तिचा भाग त्यानेच आवरायला घेतला होता. आवरला म्हणजे काय, एकूण एक गुणधर्म उचलून प्रायव्हेटमध्ये टाकला होता. वर तिला सांगायलाही गेला होता, "बघ, आता कसं नीटनेटकं झालं!" तिने मान हलवली होती. शेवटचं कम्पाइल नेहमीसारखं तिनेच केलं, उशीला टेकून. त्याने स्वतःच्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता! दुसऱ्या कुणी मारला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

हे मुलीला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने मुकाट्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बाईचा बंद भाग उघडायचा, त्यातली वस्तू उभी करायची, शिंप्याचं नाव तिला द्यायचं आणि विचारायचं, तुझ्यात काय काय आहे? प्रायव्हेटमध्ये असेल तर उत्तर कोरं येणार. मुलगी खुर्चीमागे उभी होती, शिंपी दारातल्या बाकावर. त्याने एकदा चष्मा पुसला, मग उगाच परत पुसला.

"दाबा ना, बाबा!"

त्याने दाबलं.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. गुडघ्याखाली डावीकडे, इतकी सूट. मागच्या शिरेवर, इतकी. पायडल मारताना, इतकी. हो, पायडलचाही वेगळा गुणधर्म केला होता बाईने! नाव आणि आकडा, नाव आणि आकडा, काही म्हणून लपलेलं नाही. त्याने आवरलेलं सगळंच्या सगळं तिने उचलून परत पब्लिश्डमध्ये ठेवलं होतं, बसवत नसताना, आणि नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मुलीने आकडे भराभर उतरवून घेतले आणि शिंप्याकडे वळून म्हणाली, "काका, या आता, तुमचा पाय घडवू." मग तिचं बापाकडे लक्ष गेलं. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"बाबा! काय झालं?"

"तुझ्या आईने," तो म्हणाला, "शेवटपर्यंत माझं ऐकलं नाही गं."