जाळ्याची दोरी आणि मळणी यंत्र

मंडळी, आज काकांचं जड मळणी यंत्र आमच्या छोट्या पिकअपमागे जोडून बोर्ली पंचतनला नेलं. जोडणीच्या खिळीची क्लिप हरवली होती, म्हणून काकांनी तिथे जाळ्याची दोरी बांधली.

"हिच्यातून सुरमई सुटत न्हाय, खीळ काय सुटते!"

माझं मन मानेना. मी वेगळी साखळीही अडकवली. काका हसत राहिले.

चढावर खाडकन आवाज आला. दोरी सुटून खीळ निसटली होती, पण साखळीनं यंत्र धरून ठेवलं. मी ब्रेक दाबून बसलो. मागे मासळीवाल्या बायकांची रिक्षा होती! त्यांनीच उतरून यंत्राच्या चाकांमागे दगड लावले.

"काका, आमचीच मळणी करायला निघालात काय?" एक जण ओरडली.

नवी क्लिप आणून बसवली. मग दर वळणावर काकाच म्हणायचे, "थांब रे, साखळी बघून येतो."

तुम्ही जड यंत्र ओढताना जादा साखळी लावता ना? घरचे हसले तरी लावा.